कडा शिवलेला कागद

४ जानेवारी

चि. चिमीस अनेक आशीर्वाद,

पन्नाशी उलटलेल्या बाईला 'चिरंजीव' लिहितो म्हणून गेल्या खेपेस रागावलीस. पण मामाच्या धाकट्या मुलीला दुसरं काय लिहितात ते मला खरोखरच ठाऊक नाही. शिवाय तुमच्या किडनीच्या वॉर्डात या शब्दाला थोडीफार मागणी असेलच.

तुझं माहितीपत्रक पोचलं. पेशंटने घरी गेल्यावर काय खावं आणि काय खाऊ नये, असा एकूण विषय दिसतो. 'दिसतो' म्हणतो, कारण एका पानात सात उद्गारचिन्हं आहेत आणि त्यांच्या गर्दीतून विषयाला वाट काढावी लागते. 'केळं नाही म्हणजे नाही!!' हे वाचून मला थेट माझी आई आठवली. आजारी माणूस आधीच घाबरलेला असतो गं, त्याच्यावर कागदानेही ओरडावं का?

तू 'भाषा तपास' म्हणालीस म्हणून तपासली. 'किडनी'च्या जागी 'वृक्क' घातलं आहे. आणि 'हे खा', 'हे खाऊ नका' हे दोन मथळे तर मला बघवेनात. तिथे 'पथ्य' आणि 'अपथ्य' लिहिलं आहे. पथ्य म्हणजे शरीराला हिताचं, अपथ्य म्हणजे अहिताचं. पाच अक्षरांत काम झालं. खालच्या याद्या तुझ्या आहेत, त्यांना हात लावलेला नाही. कोबी आणि बटाटा यांत मला कळत नाही.

एक खाजगी काम. दादाला चार दिवस तुमच्याकडे ठेवणार असं कळलं. त्याला हा कागद तू स्वतः दे. चौथीतून शाळा सोडून तो शिवणकामाला बसला तो मला शिकता यावं म्हणून, हे तुला ठाऊक आहे. तीस वर्षं मी संस्कृत शिकवतो आहे, चार मासिकांत लेख छापून आले, पण माझं एक अक्षर त्याच्या उपयोगी पडलेलं नाही. हे पहिलंच.

तुझा,
पंतोजी


१२ जानेवारी

प्रिय पंतोजी,

कागद छापून आला. दोनशे प्रती. उद्गारचिन्हं तू सगळी खाल्लीस, माझी तक्रार नाही. पण 'वृक्क' मी परत काढलं. नमुन्याची प्रत तीन नंबरच्या खाटेवरच्या ड्रायव्हरना वाचायला दिली, तर म्हणाले, "सिस्टर, खाण्यापिण्यात हे झाड कुठून उगवलं?" मी म्हटलं, वृक्ष नाही हो, वृक्क. "मग छापणाऱ्याची चूक असेल," म्हणाले, आणि खिशातलं पेन काढून 'क्ष' करून दिलं. पुढचा शिकवणीचा वर्ग तू त्यांच्यासाठी घे.

पथ्य आणि अपथ्य मात्र ठेवलं. ते सगळ्यांनाच कळतं. दिसतंही भारदस्त.

तू विचारतोस, मी दिवसभर करते काय. सुया टोचते ते वेगळं. खरं काम डिस्चार्जच्या दिवशी असतं. डॉक्टर भरभर सांगून जातात, पेशंट मान डोलावतो. ती मान खोटी असते. पंचवीस वर्षांत मी इतकं शिकले की "कळलं का?" असं कुणाला विचारायचं नाही. सगळे "हो" म्हणतात. न कळलेले जरा जोरात म्हणतात. म्हणून मी स्टूल ओढते, माझा नावाचा बिल्ला काढून पेशंटच्या हातात देते आणि म्हणते, "आता तुम्ही सिस्टर, मी पेशंट. मला समजवा." बोलायला लागले की कळतं, चूक कुठे झाली. त्यांची नाही हं. माझी.

काल बेकरीवाल्या बाई बिल्ला लावून अशा ऐटीत बसल्या! म्हणाल्या, "हे बघ पोरी, कोबी बंद, केळी चालू." मी म्हटलं, अहो उलट! "अगोबाई," म्हणाल्या, "म्हणजे सकाळपासून मी कागद उलटाच पाठ केलाय." सगळा वॉर्ड हसला. मग त्यांनी तीनदा बरोबर म्हणून दाखवलं.

दादा परवा घरी गेला. तब्येत बरी. त्याच्यापुढेही बिल्ला धरला, तर डोळे वटारून म्हणाला, "ठेव तो. माझ्या धाकट्याने लिहिलेलं मला कळत नाही, असं चारचौघांत म्हणायचंय का तुला?" मग चष्मा लावला, ओठ हलवत कागद दोनदा वाचला, घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. जाताना म्हणाला, "आईचं शेवटचं वर्षभर पथ्य मीच सांभाळलंय. मला नको शिकवू."

शेजारच्या खाटांवर सांगत होता, "हे माझ्या भावाने लिहिलंय." चार दिवसांत निदान वीसदा.

तुझी,
चिमी


२ फेब्रुवारी

चि. चिमीस,

'वृक्क' गेल्याचं दुःख मी पचवलं आहे. ड्रायव्हरसाहेबांना सांग, 'क्ष' त्यांनी सुरेख काढला असणार.

आज पत्र लिहायचं कारण म्हणजे दादाचं कार्ड आलं. आयुष्यातलं त्याचं तिसरं. पहिलं मी पदवीधर झालो तेव्हाचं, दुसरं वहिनी गेली तेव्हाचं. अक्षर तेच, एकेक जणू टाचून बसवलेलं. जसंच्या तसं उतरवतो:

'चि. धाकट्यास आशीर्वाद. तुझा कागद मशीनच्या वर भिंतीला टाचला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. पथ्य फार कडक आहे. सफरचंद सुटलं त्याचं वाईट वाटतं. पण अपथ्यात मजा आहे. काळजी नसावी. दादा.'

बघितलंस? 'अपथ्यात मजा आहे'! चौथीतून शाळा सोडलेल्या माणसाचं वाक्य आहे हे. माझ्या दहावीच्या वर्गात असं एक वाक्य कुणी लिहिलं तर मी पेढ्यांऐवजी रजा वाटीन. म्हातारा चोरून काहीतरी खातो आहे आणि वर कबुलीही देतो आहे. एकदा घरी जाऊन त्याचे डबे तपास. रागावू मात्र नकोस, वाक्यासाठी शिक्षा माफ कर.

सफरचंदावरही तुमच्याकडे बंदी असते का? यादी मी काही नीट पाहिली नव्हती. लहानपणी एक सफरचंद आणलं तर तो कात्रीने कापल्यासारखे दोन भाग करायचा आणि मोठा मला द्यायचा. तेवढं एक त्याला चालत असेल तर बघ.

तुझा,
पंतोजी


१ मार्च

चिमे,

तिकडून परत येऊन पंधरा दिवस झाले. शाळेत जातो, शिकवतो. मुलं फार शांत बसतात, त्याचाच त्रास होतो.

तुझा फोन शाळेच्या ऑफिसात आला तेव्हा मी वर्गात होतो. शिपाई दारात येऊन नुसता उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "बोला, कोणतं परिपत्रक?" हे मी का म्हटलं, त्याची लाज अजून जात नाही.

त्या दिवसांत तू सगळं केलंस. आभार मानले तर ओरडशील, म्हणून मानत नाही.

एक गोष्ट बोलून टाकतो. मला दादाचा राग आहे. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढलं आणि हृदय थांबलं. त्याच्या शिलाई मशीनशेजारी संत्र्यांची पिशवी, टोपलीत केळ्यांची सालं. इतकं समोर लिहून ठेवलेलं असताना! मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आयुष्यभर जिभेवर ताबा नव्हता याचा, शेवटी तिच्यापायी गेला." तू तेव्हा माझ्याकडे अशी पाहिलीस की मला वाटलं, आता ही मला दटावणार. तू काहीच बोलली नाहीस. म्हणजे तुलाही तसंच वाटत असणार.

आता मागणं. तो कागद मला पाठव. मशीनच्या वर भिंतीत चार टाचण्यांची भोकं होती, मधला चौकोन जरा उजळ होता, पण कागद नव्हता. त्याच्या घरातलं मला दुसरं काही नको. त्याने ऐकलं नसेल, पण टाचला होता ना.

तुझा,
पंतोजी


१० मार्च

प्रिय पंतोजी,

पत्र मिळालं. तो कागद साफसफाईत कुठेतरी गेला असेल. शोधते.

तुला राग येणं साहजिक आहे. पण त्याला फार बोलू नकोस.

वॉर्डातला कागद बदलला आहे. नवी प्रत सोबत ठेवली आहे. मथळे पुन्हा साधे, 'हे खायचं' आणि 'हे खायचं नाही' असे केलेत. वरून तशी सूचना आली. तू मनाला लावून घेऊ नकोस.

इकडे उकाडा सुरू झाला. वहिनींना नमस्कार.

चिमी


१८ मार्च

चिमे,

तुझ्या पत्रात एकही टोमणा नव्हता. त्यावरूनच मला कळायला हवं होतं. पण मी मठ्ठपणे मथळ्यांवरच रागावून बसलो होतो. 'रुग्णालयाने भाषेचा त्याग केला' अशा सुरुवातीचं एक पत्र तुला लिहूनही ठेवलं होतं. ते फाडलं.

काल जेवण झाल्यावर संत्रं सोलून एक फोड हिच्यापुढे धरली. ही म्हणाली, "नको, मला आंबटाचं पथ्य आहे."

फोड माझ्या हातातच राहिली.

मी विचारलं, "पथ्य आहे म्हणजे खायचं, की नाही खायचं?"

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? पथ्य आहे म्हणजे नाही खायचं. शेंबडं पोरही सांगेल."

"आणि अपथ्य?"

"'अ' म्हणजे नाही. पथ्य नाही ते अपथ्य. म्हणजे चालतं. तुम्हीच शिकवता ना मुलांना?"

हो. मीच शिकवतो. ज्ञान, अज्ञान. शांत, अशांत. तीस वर्षं फळ्यावर तो 'अ' काढला आहे मी.

ग्रंथांत पथ्य म्हणजे हिताचं, खाण्याजोगं. आणि घरात, पानावर, माणसांच्या तोंडात? गोडाचं पथ्य, तिखटाचं पथ्य, मिठाचं पथ्य. जे सोडायचं ते. मी स्वतः तसंच बोलतो. आईला मिठाचं पथ्य होतं तेव्हा मी तिला मीठ वाढत होतो का? लिहायला बसलो की मात्र मी त्या घरातून उठून जातो.

उठलो आणि दादाचं कार्ड काढलं. 'पथ्य फार कडक आहे. सफरचंद सुटलं त्याचं वाईट वाटतं.' मग तू पाठवलेली नवी प्रत काढली आणि याद्या पहिल्यांदा नीट वाचल्या. सफरचंद 'हे खायचं' मध्ये आहे. केळी, संत्री, बटाटा, टोमॅटो, सुकामेवा दुसरीकडे.

तो विनोद नव्हता, चिमे. तो मला तब्येत कळवत होता.

कागद तुझ्याकडे आहे. साफसफाईत तू सुईसुद्धा हरवत नाहीस. पाठव.

पंतोजी


२७ मार्च

प्रिय पंतोजी,

हो. माझ्याकडेच आहे.

दादा गेला फेब्रुवारीच्या पाच तारखेला. तुझं दोन तारखेचं पत्र मला सहाला मिळालं, तू गाडीत असताना. पत्रात त्याचं कार्ड तू जसंच्या तसं उतरवलेलं. मी ते एकदा वाचलं आणि चप्पल न घालता त्याच्या घरी गेले. तू पोचायच्या आत कागद काढून घेतला.

सोबत पाठवते आहे. जपून उघड. चारही कडांना त्याने पांढऱ्या कापडाची पट्टी शिवून घेतली आहे, फाटू नये म्हणून. टाके बघ, किती बारीक. आणि निळ्या खडूच्या खुणा बघ, कापड बेतताना करतो तशा. पथ्याखाली प्रत्येक नावावर फुली. अपथ्याखाली प्रत्येकावर बरोबरची खूण, आणि केळ्यापुढे लिहिलंय, 'रोज २'. त्याला केळं कधी आवडायचं नाही रे. तो औषधासारखं खात होता.

तू सगळ्यांसमोर त्याच्या जिभेबद्दल बोललास तेव्हा मी गप्प राहिले. वाटलं, भावावर रागावलेला माणूस जगतो. स्वतःवर रागावलेला कसा जगेल? तुला वाचवायला मी त्याला बदनाम होऊ दिलं. दीड महिना झाला, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पण तू सगळं स्वतःच्या नावावर लिहून घेशील, ते मी चालू देणार नाही. माझा वाटा ऐक. बेकरीवाल्या बाई त्या दिवशी काय बोलल्या होत्या? कोबी बंद, केळी चालू. माझ्या तोंडावर सांगितलं त्यांनी. मी हसले, त्यांना दुरुस्त केलं आणि कागद तसाच ठेवला. चूक माझी असते असं तुला ऐटीत लिहिलं, आणि जेव्हा खरोखर माझी होती तेव्हा ओळखली नाही. 'वृक्क' अडलं, म्हणून लोकांनी विचारलं. 'पथ्य' कुणाला अडलंच नाही, म्हणून कुणी विचारलं नाही.

वॉर्डातून घरी गेलेल्या प्रत्येकाला मी उलट विचारलं होतं. एका दादाला सोडून. त्याचा अपमान होईल म्हणून. त्याच्या डोळ्यांत तुझा इतका अभिमान होता की माझा हात मागे आला. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. "दादा, केळं चालेल का?" एवढंच.

सूचना वरून आली नव्हती. दोनशेपैकी उरलेले एकशे साठ कागद मी स्वतः फाडले. वाटलेल्या चाळीसपैकी एकोणचाळीस घरांना एकेक करून फोन केले. सदतीस जण बरोबर वागत होते, दोघं घरी गेल्यावर कागद बघून पुन्हा उलटं खाऊ लागले होते, तिथे मी वेळेवर पोचले. चाळिसावा दादा होता.

आता एक कर. बिल्ला पोस्टाने पाठवता येत नाही, पण समज, मी तो तुझ्या हातात दिला आहे. स्टूल ओढलं आहे. आता तू सिस्टर, मी पेशंट. दादा कशाने गेला, मला समजव. तुझ्या शब्दांत. मला कळेल अशा.

चिमी


५ एप्रिल

चिमे,

कागद पोचला. हिने आणि मी टेबलावर पसरला. हिने कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "एकही टाका वाकडा नाही." मग ती आत निघून गेली.

समजावतो. पाच वेळा लिहून खोडलं आहे, भारी शब्द आपसूक येतात. ऐक.

दादाची किडनी नीट चालत नव्हती. किडनीचं काम रक्त गाळायचं. ती थकली की केळ्यासंत्र्यातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तातच साठतं. फार साठलं की हृदय थांबतं. आधी दुखत नाही, कळत नाही. म्हणून काय खायचं नाही हे माणसाला आधी सांगावं लागतं, त्याला कळेल असं. दादाला ते एका कागदाने सांगितलं. कागदावर मी एक शब्द लिहिला, जो मला एका अर्थाने कळत होता आणि त्याला दुसऱ्या. त्याचा अर्थ चुकीचा नव्हता. घरोघरी तोच चालतो. तू त्याला विचारायला गेलीस, त्याने विचारू दिलं नाही. कारण कागद माझा होता.

दादाचा जिभेवर ताबा होता. आवडतं ते त्याने सोडलं आणि नावडतं ते खाल्लं. रोज दोन. त्याने मोडलं काहीच नाही. मी लिहिलं तसंच तो वागला.

जे सगळ्यांदेखत बोललो, ते त्याच माणसांना पत्रं लिहून मागे घेतलं आहे. बारा पत्रं. साध्या भाषेत.

तुझा वाटा मी घेऊ देत नाही असं म्हणालो तर भांडशील. घे. पण लहानच. मोठा भाग माझा, आणि या वेळी तो मला दादाने कापून दिलेला नाही.

नवीन कागदात एका ओळीची भर सुचवतो. पटली तर छाप. 'घरी गेल्यावर हा कागद घरातल्या कुणाला तरी तुमच्या शब्दांत समजावून सांगा. ते तुम्हाला हसले तरी चालेल.'

बरोबर समजावलं का ते कळव. एवढं मात्र मी आता यादीत बोट ठेवून स्वतः वाचलं आहे, चिमे. पहिल्या यादीत, वरून तिसरं. सफरचंद त्याला चाललं असतं.

तुझा,
धाकटा